दहाच्या पाकिटात अकरा

लोहाऱ्यात पिठाच्या गिरण्या पाच, त्यातली बाजाराच्या बोळातली माझी. तीस वर्षं दळतोय. एवढ्या वर्षांत माझ्या पिठाला तोंडावर नावं ठेवणारं माणूस एकच निघालं, ते म्हंजे शरणम्मा. बाकीची गिऱ्हाइकं डबा ठेवतात, दळण झालं की उचलून चालू लागतात. ही बाई तसली न्हाय. ही तिथंच झाकण काढणार, चिमूटभर पीठ अंगठ्यानं बोटावर चोळणार, डोळे मिटणार आन् मग मान हलवणार. "अण्णा, दगडाला टाकी कधी लावली व्हती?" असं चारचौघांत इचारणार. मला असा संताप यायचा की सांगायची सोय न्हाय. आन् त्याहून जास्त संताप ह्याचा, की दगड गुळगुळीत होऊन त्याला टाकी लावायला खरंच झालेली असायची.

तर ह्या शरणम्माची हकिकत सांगतो. बाई काय लई नावाजलेली वगैरे न्हाय. पेपरात एकदाच फोटो आला, त्याच्याखाली बी नाव तिच्या सुनेचं छापलं. "चेहरा माझा हाय ना, मग झालं," म्हणून तिनं त्यो पेपर घडी घालून देव्हाऱ्याच्या फळीखाली सारला.

तिचं माहेर सीमेपलीकडं, आळंदच्या बाजूला. घरात कन्नड. सोळाव्या वर्षी विरुपाक्षाची बायको होऊन इकडं आली, तवा मराठीत तिला बाई-बुवा कळायचं न्हाय. "भाकरी झाला, डाळ आला," असं बोलायची आन् गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. ती बी हसायची, पण तोंडातल्या तोंडात कन्नडातून शिव्या द्यायची. आमच्या घरात बी कन्नड, त्यामुळं तिच्या शिव्या लोहाऱ्यात मला पहिल्यापासून कळत आल्यात. चांगल्या सणसणीत असतात.

नवरा विरुपाक्ष म्हंजे तीन एकर ज्वारी आन् दिवसाला चार शब्द. बोलायचं सगळं काम त्यानं बायकोकडं देऊन टाकलेलं. शरणम्मा शाळेत खिचडी शिजवायची. मग पोरगा गौरीशंकर आयटीआयला पुण्याला गेला, तशी ती त्याला एसटीनं कडक भाकरी पाठवायला लागली. आमच्याकडची कडक भाकरी ज्यानं खाल्ली न्हाय त्याला सांगतो: मालदांडी ज्वारीचं ताजं पीठ, उकळतं पाणी, हातानं थापून पातळ केलेली भाकरी. तव्यावरून काढली की चुलीच्या कडंला उभी करायची, मग कापडावर सुकवायची. दोन-दोन महिने राहती. वर शेंगाची चटणी आन् दही असलं, की दुसरं काय लागत न्हाय.

गौरीशंकरच्या खोलीतल्या पोरांनी पहिल्या खेपेलाच डबा पळवला. मग त्यांच्या मित्रांनी मागितली, मित्रांच्या मित्रांनी मागितली, आन् बघता बघता लोहाऱ्याहून पुण्याला जाणाऱ्या एसटीत रोज शरणम्माचं खोकं असायचं. हाताखाली सहा बाया झाल्या, सगळ्या सीमेकडच्या. पुढं धुरपताबाई आली. ही मूळची तेरची, लोहाऱ्यात दिलेली, मेंढरं राखणाऱ्या घरातली, आवाज असा की बोळाच्या ह्या टोकाला बोलली तर त्या टोकाचं कुत्रं उठून बसतंय. तिनं तिच्या गल्लीतल्या पाच जणी गोळा केल्या आन् धाराशिवच्या खाणावळी धरल्या. दोघींचा बचत गट एक, पण गिऱ्हाईक वेगळं. एकीची भाकरी पुण्याला, दुसरीची धाराशिवला. एकाच पत्र्याखाली दोन कोपऱ्यांत दोन टोळ्या भाकरी थापायच्या, आन् मोजायचं काम मात्र दोघी म्होरक्यांनी आपल्याच हातात ठेवलेलं.

हे असंच चाललं असतं. पण घरात सून आली, शिवप्रिया. बी.कॉम. झालेली. तिनं कुठंतरी वाचलं की धाराशिवला निर्यातीवर एक दिवसाची कार्यशाळा हाय. सासूला घेऊन निघाली. माझं बी कोर्टात काम व्हतं, म्हणून मी त्याच जीपमधी बसलो, आन् काम लौकर उरकल्यावर त्यांच्या मागं हॉलमधी जाऊन टेकलो. खोटं कशाला सांगू, चहा-नाष्टा व्हता.

पडद्यावर चित्रं दाखवत एक साहेब बोलत व्हते. आपण ज्वारी पोत्यानं विकतो, म्हणाले, आन् तीच ज्वारी दुसरं कुणीतरी डब्यात घालून दुबईत महाग विकतंय. देशाची निर्यात वाढवायची तर कच्चा माल बाहेर धाडायचं कमी करा, पक्का धाडा. एकट्यानं जाऊ नका, गटानं जा. पहिल्याच दिवशी आख्खा कंटेनर भरायच्या गोष्टी करू नका, दुसऱ्याच्या कंटेनरमधी चार खोकी टाका. आन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हंजे माल दर खेपेला सारखा पाहिजे. एकदा चांगला आन् एकदा बरा, असला माल बाहेर चालत न्हाय. मला पटत व्हतं, पण मी जांभई दिली. आपल्याला पटलं हे सायबाला दाखवायची मला सवय न्हाय.

शेवटी साहेबांनी इचारलं, कुणाला काही शंका? हॉलमधी द्राक्षवाले, खव्यावाले, सगळे गप्प. आन् आमची शरणम्मा उभी राहिली. म्हणाली, "साहेब, दुबईतल्या लोकांचे दात बळकट हाईत का?"

हॉल असा हसला की पंख्याचा आवाज ऐकू येईना. साहेब बी हसले, पण माणूस हुशार व्हता. म्हणाले, "बाई, तिथं खाणारे दात तुमच्याकडचेच आहेत. इथूनच गेलेत." शरणम्मा खाली बसली. जीपमधी परत येताना तुळजापूर फाट्यापर्यंत बोटांवर कसलातरी हिशेब करत बसली. मग म्हणाली, "शिवप्रिया, कागदं करायला घे."

कागदं करता करता शिवप्रियाचे सहा महिने गेले. अन्नाचा परवाना, प्रयोगशाळेचा अहवाल, बारकोड, एका कागदाला दुसरा कागद लागायचा आन् दुसऱ्याला तिसरा. स्वतःच्या नावावर बाहेर धाडायचं तिनं पुढं ढकललं आन् सोलापूरचे एक निर्यातदार गाठले, जे दुबईला जाणाऱ्या आपल्या मसाल्याच्या कंटेनरमधी ह्यांची खोकी घेणार व्हते. पहिल्यांदा नमुन्याची वीस पाकिटं गेली. पंधरा दिवसांनी तिकडनं निरोप आला: चव उत्तम, भाकरी वातड.

समुद्राची दमट हवा पाकिटात शिरलेली. शरणम्माला ते लई लागलं. वातड हा शब्द तिच्या भाकरीला जन्मात कुणी लावला नव्हता. तीन दिवस ती माझ्या गिरणीकडं फिरकली न्हाय. चौथ्या दिवशी आली ती जाड चकचकीत पिशव्यांचे नमुने घेऊनच. भाकरी एक दिवस जास्त सुकवायची, पिशवी तीन पदरी घ्यायची, असं तिनं आन् सुनेनं ठरवलं. निर्यातदारानं सांगितलं, चोवीसशे पाकिटं द्या, एका पाकिटात दहा भाकरी, वजन चारशे ग्रॅम. पण ही शेवटची संधी. माल परत आला किंवा वातड पोचला, तर पुन्हा मी तुम्हाला इचारणार न्हाय आन् तुम्ही मला इचारू नका.

आता काय पणाला लागलंय ते सांगतो. शरणम्मानं ह्या ऑर्डरीसाठी शाळेतलं खिचडीचं काम सोडलेलं. ऑर्डर पुरी करायची म्हणून पुण्याची आन् धाराशिवची गिऱ्हाइकं दीड महिना बंद ठेवलेली, त्यातली निम्मी दुसरीकडं गेलेली. बाराच्या बारा बायांनी खुरपणीची मजुरी सोडून तिच्या शब्दावर पत्र्याखाली बसायचं कबूल केलेलं. माल गेला आन् कडक पोचला, तर सगळ्यांना बारमाही काम. न्हाय पोचला, तर शरणम्माच्या शब्दाला लोहाऱ्यात कोण इचारणार? मी तिला स्पष्ट म्हटलं व्हतं, "अक्का, पुण्याची सोन्यासारखी गिऱ्हाइकं सोडून कुठं समुद्रात उडी मारताय?" त्यावर तिनं कन्नडातून उत्तर दिलं, ते इथं सांगत न्हाय.

चैत्र लागला. चोवीसशे पाकिटं भरून, सील होऊन, खोक्यांत रचली. गुरुवारी संध्याकाळी गाडी येणार व्हती. त्याआधी मंगळवारी सकाळी सोलापूरहून तपासणीला करिश्मा मॅडम आल्या. निर्यातदाराकडं मालाची तपासणी त्याच बघतात. पंचविशीची बाई, पण डोक्यावर जाळीची टोपी घालूनच पत्र्याखाली शिरली आन् सगळ्यांच्या नखांकडं बघितलं. माझ्या बी. मी नुसता पिठाचं पोतं पोचवायला आलो व्हतो.

मॅडमनी काटा मांडला. एक पाकीट ठेवलं, चारशे. दुसरं, तीनशे अठ्ठ्याण्णव. तिसरं, चारशे एक्केचाळीस. चौथं, चारशे चव्वेचाळीस. पाचवं परत चारशे. मॅडमच्या कपाळाला आठी पडली. आणखी दहा काढली. पाच चारशेच्या आसपास, पाच चारशे चाळीसच्या आसपास.

"हा दोन प्रकारचा माल आहे का?" मॅडमनी इचारलं.

शिवप्रियाचं तोंड पांढरं पडलं. "नाही मॅडम, एकच माल आहे."

"मग भाकरीची जाडी सारखी नाही. पीठ कमी-जास्त रवाळ येत असेल."

पीठ म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. "मॅडम, हे बघा," म्या म्हटलं, "गिरणीवर बोट दाखवायचं काम न्हाय. ह्या बाईनं माझं पीठ बोटावर चोळल्याबिगर कधी उचललं न्हाय!"

तेवढ्यात धुरपताबाईनं आवाज लावला. "जड पाकिटं आमच्या कोपऱ्यातली न्हाईत. तिकडच्या ओळीतली हाईत. कुणाचा हात जड हाय ते बघा."

"माझा हात जड?" शरणम्मा उठलीच. "माझी भाकरी उजेडाला धर, पलीकडचा माणूस दिसतो!"

"दिसंल की! पण त्यो माणूस बी जाडच दिसंल!"

झालं. बारा बाया, दोन टोळ्या, एक पत्रा. मी पोत्यावर बसून घेतलं. मॅडम मात्र शांत. त्यांनी दोन्ही ओळींतली एकेक पिशवी फोडली, एकेक सुटी भाकरी काट्यावर ठेवली. ही चाळीस ग्रॅम, ती बी चाळीस ग्रॅम.

"जाडी सारखीच आहे," मॅडम म्हणाल्या. "मोजा बरं, किती आहेत."

शरणम्मानं आपली पिशवी पुढं ओढली आन् एकेक भाकरी ताटात ठेवत मोजायला लागली. "लाभ, एक, दोन, तीन, चार..." शेवटची ठेवली. "दहा. बघा, बरोबर दहा."

धुरपताबाईनं तिची पिशवी घेतली. "लाभ, दोन, तीन, चार..." शेवटची ठेवली. "दहा. माझ्या बी दहाच."

मॅडमनी एकदा ह्या ताटाकडं बघितलं, एकदा त्या ताटाकडं. "थांबा. तुम्ही पहिलीला काय म्हणालात?"

"लाभ."

"आणि मग?"

"मग एक," शरणम्मा म्हणाली.

"एक कुठनं आला?" धुरपताबाई ओरडली. "लाभ म्हंजेच एक!"

"लाभ म्हंजे लाभ! त्यो मोजणीत कसा धरायचा?"

आमच्याकडं धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत न्हाय. लाभ म्हणतात. घरात बरकत राहावी म्हणून. खळ्यावर असू दे, बाजारात असू दे, लाभापासूनच सुरुवात. पण शरणम्माच्या माहेरी लाभाचं माप देवाचं, मोजणी त्याच्यानंतर. आन् तेरला लाभ हाच पहिला, पुढं सरळ दोन. सहा वर्षं दोघी एका पत्र्याखाली बसून मोजत व्हत्या, आन् एकमेकींचं मोजणं एकीनं बी कान देऊन ऐकलं नव्हतं. बरं, पुण्याच्या पोरांनी तरी सहा वर्षांत एकदा तोंड उघडायचं! पण फुकटची अकरावी भाकरी कोण सांगतंय?

पहिल्यांदा मी हसलो. मग मॅडम हसल्या. मग सगळ्याच बाया पोट धरून हसायला लागल्या. शिवप्रिया तेवढी हसली न्हाय. बाराशे पाकिटं दहाची आन् बाराशे अकराची, हे तिच्या डोक्यात आधीच बसलेलं.

मॅडमनी हसू पुसलं. "गंमत झाली ठीक आहे, पण असा माल मी पुढं सोडू शकत नाही. कागदावर एक वजन आणि पाकिटात दुसरं निघालं, तर तिथं आख्खी खेप अडवतील, आमच्या मसाल्यासकट. सगळं सारखं करा. गुरुवारी संध्याकाळी गाडी येईल, तेव्हा मी परत काटा लावणार."

"सोपं आहे, अत्ती," शिवप्रिया म्हणाली. सासूला ती अत्ती म्हणती. "तुमच्या ओळीतली बाराशे पाकिटं फोडू, एकेक भाकरी काढू. पिशवीला वर चार बोटं जागा आहे, पुन्हा सील होईल. उद्या दुपारपर्यंत काम संपतं."

"काढायची न्हाय," शरणम्मा म्हणाली.

"का?"

"लाभ घातला त्यो घातला. पाकिटात ठेवलेला लाभ उचलून परत घ्यायचा? आन् त्यो बी पहिल्या खेपेला? माझ्या हातानं व्हायचं न्हाय."

आता माझी पाळी व्हती. "अक्का, खुळ्या झालात का? इथं ऑर्डर जायची वेळ आली आन् तुमी लाभ धरून बसलात?"

"अण्णा, तुमी लग्नात आहेर दिला, तर दुसऱ्या दिवशी जाऊन त्यातला निम्मा परत आणता का?"

आणला तर नव्हता कधी.

"मग काय करायचं, अत्ती?" शिवप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा महिने कागदामागं पळालेली पोर, तिचं चूक काय व्हतं?

"ज्यांच्यात कमी हाय त्यांच्यात घालायची."

म्हंजे बाराशे भाकरी नव्यानं थापायच्या. भाजायच्या, सुकवायच्या, धुरपताबाईच्या ओळीतली पाकिटं फोडून त्यात घालायच्या, पुन्हा सील करायचं, आन् हे सगळं गुरुवारच्या संध्याकाळच्या आत. मॅडमनी फोन लावून सोलापूरच्या निर्यातदारांना इचारलं. मग म्हणाल्या, "काढा किंवा घाला, आम्हाला सारखं पाहिजे. वजन चारशे चाळीस करून कागद मी बदलून देते. पण ह्या खेपेला भाव दहाचाच राहील."

सगळ्यांच्या नजरा धुरपताबाईवर गेल्या. फोडायची व्हती ती तिची पाकिटं. तिच्या बायांची तर काही चूकच नव्हती, त्यांना दहा सांगितल्या तर दहाच भरलेल्या. ती न्हाय म्हणली असती, तर तिला कुणी बोल लावला नसता. धुरपताबाईनं पदर खोचला. म्हणाली, "हिच्या पाकिटात अकरा आन् माझ्या पाकिटात दहा, असं दुबईला कळलं, तर तिथली माणसं म्हणतील तेरची बाई हाताची चिकट. पीठ आणा!"

शरणम्मानं तिच्याकडं बघितलं. मग आपली परात उचलून तिच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. शिव्या देणाऱ्या बाईला आभार मानायला शब्द सापडत न्हाईत, तसलाच प्रकार.

मी उठलो आन् गिरणीत गेलो. आधी दगडाला टाकी लावली. कुणी सांगायच्या आधी, आपण होऊन. दुपारी तीनला पहिलं पोतं पोचवलं. शरणम्मानं पीठ बोटावर चोळलं, डोळे मिटले, उघडले आन् सरळ परातीत ओतलं. मी बाहेर येऊन एक बिडी ओढली. लई बरं वाटलं.

मग बुधवारी दिवस उजाडल्यापासून जो थापण्याचा आवाज सुरू झाला, त्यो बाजारपेठेपर्यंत यायचा. दोन कोपरे राहिले न्हाईत. जी चूल मोकळी, तिच्यावर जिचा हात मोकळा ती. विरुपाक्षानं शेतातनं तुराट्यांचे भारे आणून टाकले, चुली विझू दिल्या न्हाईत, आन् दिवसभरात त्याचे चार शब्द पण खर्च झाले न्हाईत. सुकवायला जागा पुरंना, म्हणून माझ्या गिरणीचा स्लॅब धुऊन दिला. वर धुतलेली कापडं, त्यावर भाकरी, त्यावर जाळी. शिवप्रिया उमरग्याला जाऊन नवी लेबलं छापून घेऊन आली. तिनं त्यावर काय छापलं व्हतं? "१० + १ लाभ". पोरीचं डोकं बघा. जी चूक झाली तीच तिनं पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापली.

गुरुवारी सकाळी आभाळ आलं. चैत्रात आभाळ यायचं काय कारण? पण आलं. हवा कुंद झाली, आन् स्लॅबवर चारशे भाकरी अजून पुऱ्या सुकलेल्या नव्हत्या. धुरपताबाईनं आभाळाकडं बघून असा आवाज दिला की ते खरं तर तिथंच परत जायला पाहिजे व्हतं. बायांनी भाकरी खाली आणल्या, गरम तव्यांभोवती, चुलींच्या कडंनी उभ्या केल्या आन् एकेक फिरवत बसल्या. शरणम्मा दर भाकरी कानाजवळ नेऊन टिचकी मारून बघत व्हती. जी मनासारखी वाजली न्हाय ती पुन्हा चुलीकडं. दुपारी तीनपर्यंत हे चाललं. चारला शेवटचं पाकीट सील झालं, साडेपाचला मॅडम आल्या. काटा मांडला. चारशे चाळीस, चारशे बेचाळीस, चारशे एकोणचाळीस. वीस पाकिटं काढली, वीस बरोबर.

"आता मोजता कसं?" मॅडमनी जाता जाता इचारलं.

"लाभ, एक, दोन," धुरपताबाई म्हणाली. "ह्यांच्यावानी. तोंडानं दहा म्हणायचं, कागदावर अकरा लिहायचं."

मॅडमनी फॉर्मवर लाभ हा शब्द इंग्रजीत काय लिहायचा म्हणून सगळ्यांना इचारलं. कुणालाच सांगता आला न्हाय, तसाच लिहिला.

गाडी गेली. मग सुरू झालं वाट बघणं, आन् वाट बघणं शरणम्माला जमत न्हाय. त्याच मालातलं एक पाकीट तिनं न्हाणीघरात टांगून ठेवलं, रोज ऊन पाण्याची वाफ लागंल असं. तीन आठवड्यांनी फोडलं. भाकरी कडक. पण तिचं समाधान न्हाय. "न्हाणी म्हंजे समुद्र न्हाय, अण्णा," म्हणायची. पुण्याची गेलेली गिऱ्हाइकं पुन्हा जोडायला तिनं दोनदा फोन हातात घेतला आन् दोनदा खाली ठेवला. अजून कळलं नव्हतं ना, कोणतं दार उघडलंय आन् कोणतं बंद झालंय.

सोलापूरहून निरोप आला, माल पोचला, दुकानांत गेला. शिवप्रियानं पेढे वाटले. शरणम्मानं पेढा हातात धरला, खाल्ला न्हाय. "पोचला म्हंजे काय? कडक पोचला का वातड?" ते कुणालाच माहीत नव्हतं. दुकानदार म्हणाला विक्रीचं महिन्याभरानं सांगतो. महिना!

पुढच्या सोमवारी सकाळी ती माझ्या गिरणीत दळण घेऊन बसली व्हती. आठ-दहा गिऱ्हाइकं रांगेत. तिचा फोन वाजला. बघते तर नंबर लांबलचक. "बँकेचा फसवणारा असंल," म्हणून तिनं कापला. परत वाजला. मग उचलला, पण गिरणीच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून स्पीकर लावला. पलीकडं कुणीतरी तिला अव्वा, म्हंजे आई, म्हणत ओरडून कन्नडात बोलत व्हतं.

"अव्वा, पाकिटावर हा नंबर आहे. तू लोहाऱ्याची का?"

"व्हय. तू कोण?"

"मी बिराप्पा. उमरग्याच्या पलीकडचा. इकडं दुबईत क्रेन चालवतो. दुकानात बघितलं तर पाकिटावर लोहारा! खोलीत आमी आठ जण हाओत, सगळे आपल्याच भागातले. आताच फोडलंय."

दुसऱ्या कुणी इचारलं असतं, बाबा कसा हायेस, घरी कोण कोण हाय. शरणम्मानं एवढंच इचारलं, "भाकरी कडक हाय का वातड?"

"कडक हाय की, अव्वा."

"तोंडानं सांगू नगंस. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून बी सांगशील. फोन जवळ धर आन् मोड."

म्या बटण दाबलं. गिरणी बंद केली. कुणाचे तरी गहू वरच्या टोपात तसेच राहिले, पट्टा फिरत फिरत हळू झाला आन् थांबला. रांगेतल्या बाया डबे घेऊन पुढं सरकल्या. शरणम्मानं फोन दोन्ही हातांनी धरला व्हता.

"मोडू का?" तिकडनं आवाज आला.

"मोड."

कट्ट! असा आवाज झाला. स्वच्छ. लोहाऱ्यातल्या चुलीपुढं बसून मोडावी तसा.

शरणम्मा ज्वारीच्या पोत्यावर खाली बसली. डोळे घळाघळा वाहायला लागले, ते तिनं पुसले बी न्हाईत. म्या म्हटलं, "अक्का, जिंकलात..." तिनं मला हातानं गप्प केलं.

"आता खा, बाळा," ती फोनमधी म्हणाली. "फोन ठेवू नगंस. खा."

त्यो खायला लागला. त्याच्या खोलीतले बाकीचे बी बसले असणार, कारण एकाचे चार आवाज झाले, चाराचे आठ. आमी सगळे बंद गिरणीत उभे राहून ते ऐकत व्हतो.